पोटजातीतलं ‘पोट’ पोट भरायचं नव्हे

‘मराठी मनाची एकजूट’ असा मथळा असलेला एक लांबलचक मजकूर गेले काही दिवस फिरतोय. मला तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला. मग भाचीने तिचं शाळेतलं भाषण वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, “पोटजाती म्हणजे पूर्वीच्या कामगार संघटनाच.” कुठून आणलंस, विचारल्यावर तिने तोच मजकूर दाखवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. मराठी माणूस मुळात एकसंध, म्हणून मोठ्या समूहातल्या छोट्या समूहांसाठी मराठीत शब्दच नव्हते. ‘कंपू’ हा ‘कंपनी सरकार’चा अपभ्रंश. ‘पोटजात’ म्हणजे एकाच धंद्यावर पोट भरणाऱ्यांची संघटना. तेव्हा हे सगळे शब्द टाकून सरसकट ‘उपगट’ म्हणा.

आधी पोट. पोटनिवडणुकीत कुणाचं पोट भरतं? (उमेदवारांचं म्हणू नका.) पोटभाडेकरू, पोटकलम, पोटमाळा, सातबाऱ्यावरचा पोटखराबा, जमिनीचा पोटहिस्सा, या सगळ्यांत ‘पोट’ म्हणजे आतला, मोठ्याच्या पोटातला. पोटखराबा म्हणजे एखाद्याच्या जमिनीतलाच, पण लागवडीला न येणारा तुकडा. तो तर पिकतही नाही, पोट कसलं भरणार? पोटजात ही अशीच जातीच्या पोटातली जात.

एवढ्यावर थांबलं असतं तर चुकीची व्युत्पत्ती म्हणून सोडून दिलं असतं. पण इथे शब्दाच्या आडून इतिहास धुऊन काढलाय. धंद्यावरूनच पोटजात ठरत असती, तर देशस्थ, कोकणस्थ आणि कऱ्हाडे वेगळे का? पारंपरिक व्यवसाय तेच, नावं मात्र मुलखांवरून. आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरीक नाही. खरी मेख त्या सोयरिकीत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म म्हणून नेमकं हेच दाखवलं होतं, जातीतल्या जातीत लग्न. धंद्याच्या मुद्द्यालाही त्यांनी १९३६च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये उत्तर दिलंय: ही नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. आधी पोटजाती मोडू, मग जाती, असं म्हणणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी तिथेच बजावलं, की पोटजाती एक झाल्या म्हणून जात जाईलच असं नाही, उलट ती अधिक बळकट होऊ शकते. कामगार संघटनेतून माणूस राजीनामा देऊन बाहेर पडतो. पोटजातीचा राजीनामा कुणाकडे द्यायचा, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

आता कंपू. शब्द बाहेरचा, एवढं कबूल करतो, नाइलाजाने. पण त्याचा कंपनीशी संबंध नाही. तो छावणीसाठी असलेल्या युरोपीय शब्दावरून आला. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती फौज उभी करून घेतली, तिच्यातल्या पलटणींच्या मोठ्या तुकडीला कंपू म्हणत. फौज गेली, शब्द मागे राहिला आणि आपसांतच गुळपीठ असलेल्या चार जणांना चिकटला.

एकजुटीबद्दल काय बोलावं? ज्या भाषेत ‘भाऊबंदकी’ हा शब्द आहे, तिला फूट माहीत नव्हती म्हणे! १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि त्याच दरबारातले कारभारी राघोबादादांविरुद्ध एक झाले, ते बारभाई. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा जहाल आणि मवाळ. पुढचं सांगत बसत नाही.

राहिलं ‘उपगट’. शब्द वाईट नाही, तक्त्यात शोभतो. पण बोलताना तो किती ठिकाणी चालवणार? गट होतो, तट पडतात, फळी उभी राहते, दुफळी माजते. क्रियापदंसुद्धा एकमेकांची चालत नाहीत. कोंडाळ्याला मधोमध कुणीतरी लागतो, ज्याच्याभोवती बाकीचे जमतात. घोळक्याला तो लागत नाही. टोळीचं टोळकं केलं की माणसं तीच, किंमत उतरली. चौकडी नुसती चौघांची असू शकते, पण मागे चांडाळ लावायचा मोह कुणाला आवरत नाही. आणि ‘मी अमुक कंपूत आहे’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपला असतो तो ग्रुप, कंपू नेहमी समोरच्यांचा. एवढं सगळं एका ‘उप’मध्ये कोंबायचं?

भाषण शुक्रवारी आहे. भाचीने पोटजातीचं वाक्य काढलंय. एकजुटीचा परिच्छेद मात्र ठेवलाय. म्हणाली, “मामा, त्यावर टाळ्या येतात.”