चौदा दिवस फुकट

परवा साखरपुड्यात पंगत उठल्यावर मेहुणीच्या सासूबाईंनी मला मंडपाच्या खांबामागं बोलावलं, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या हातात घडी घातलेलं काहीतरी कोंबलं. मला वाटलं, जावयाचं पाकीट. उघडलं तर व्यसनमुक्तीचं पत्रक. ‘सुटते हो,’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या धाकट्या दिरांची सुटली.’ पत्रकाच्या मागं कुणीतरी बॉलपेननं मंडपवाल्याचा हिशोब केला होता. म्हणजे मला कोरं पत्रकसुद्धा नाही.

मी दारू पीत नाही. माझा गुन्हा एवढाच की माझ्याकडं मॅक आहे.

कराडच्या हॉस्टेलवरचे आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन जमतो आणि तोच तो जुना गेम खेळतो. मेंढ्या पकडायच्या, लाकूड तोडायचं, शेती करायची आणि मग एकमेकांची गावं जाळायची. इतर चौघांकडं विंडोज आहे. मी ऑफिसच्या कामासाठी हप्त्यावर अ‍ॅपलचा मॅक लॅपटॉप घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला होता, ‘सर, यात सगळं चालतं.’ या ‘सगळ्या’त गेम येतो का, हे चव्वेचाळिसाव्या वर्षी काउंटरवर विचारायची लाज वाटली. त्या लाजेचे नऊ हप्ते अजून जायचे आहेत.

त्यात सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आलेले. त्यांना मी मामा म्हणतो. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर काळा चष्मा. सासूबाईंनी फलटणहून फोनवरच त्यांचा टीव्ही आणि पेपर बंद केला होता. आता ज्या माणसानं उभा जन्म स्टँडच्या गोंगाटात कुठली गाडी कुठं लागली ते कानानं ओळखलं, त्याला तुम्ही हॉलमध्ये नुसतं बसवून ठेवलंत, तर तो काय करणार? ऐकणार.

आणि त्या शनिवारी मी बाल्कनीत उभा राहून फोनवर मित्राला जे सांगत होतो, ते शब्दशः असं:

‘अरे वाईन टाकून बघितली, नुसतं गरगरतंय. कालची बाटली फेकून दिली. हो, सकाळीच नवी बाटली केली. तिच्यात पण तेच. व्हिस्की घेऊ का? फुकट आहे ना ती? बंद झाली? कधी? मग विकतचंच घेतो. चौदा दिवस फुकट देतात म्हणे. नाही, बायकोला अजून सांगितलं नाहीये.’

इथं थोडा खुलासा करायला हवा. विंडोजचे प्रोग्रॅम इतर संगणकांवर चालवायला ‘वाईन’ नावाचं सॉफ्टवेअर १९९३ पासून आहे. त्यावर मॅकसाठी चढवलेला एक फुकट मुलामा म्हणजे ‘व्हिस्की’. त्याची देखभाल २०२५ मध्ये थांबली. तेच काम करणारं विकतचं सॉफ्टवेअर चौदा दिवस फुकट वापरून बघता येतं. आणि प्रत्येक गेमसाठी आत एक वेगळं खोटं विंडोज मांडून ठेवतात, त्याला या मंडळींत ‘बाटली’ म्हणतात. ही नावं ठेवणाऱ्यांपैकी एकाचेही सासरे माळकरी नसावेत.

जेवताना मामा गप्प. भाकरी मोडली, आमटी ओतली, कुस्करली आणि माझ्या दिशेला काळा चष्मा रोखून म्हणाले, ‘जावईबापू, ते चौदा दिवस फुकट देतात ना, ती सवय लावण्यासाठी.’

‘काय?’

‘आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता. त्यालाही धाब्यावाल्यानं पहिल्यांदा फुकटच दिली होती.’

बायको ताटावरून उठून माझ्याकडं बघायला लागली. मी हसलो. ते हसणंही पिणाऱ्याचं वाटलं असावं. मग लॅपटॉप आणून समजावून सांगायला बसलो, आणि इथंच माझं चुकलं. दारूडा म्हणून गप्प बसलो असतो तर परवडलं असतं.

‘हे बघा मामा, हा गेम विंडोजसाठी लिहिलाय आणि इंटेलच्या जातीच्या चिपसाठी. माझ्या मॅकमध्ये अ‍ॅपलची स्वतःची चिप आहे. तेव्हा चिपची भाषा बदलून द्यायला एक दुभाष्या, त्याचं नाव रोझेटा. विंडोजकडं जे मागायचं ते मॅककडं मागायला दुसरा दुभाष्या, तो वाईन. गेम चित्रं काढायला सांगतो डायरेक्टएक्सच्या भाषेत आणि मॅकला कळतं मेटल, म्हणून तिथं तिसरा.’

‘म्हणजे गाडी परराज्यातली,’ मामा म्हणाले, ‘तिला आपलं परमिट नाही. म्हणून आपली पाटी लावून चालवायची.’

‘साधारण तसंच.’

‘आणि ड्रायव्हर-कंडक्टरमध्ये तीन दुभाषे.’

‘हो.’

‘मग लेट होणारच. आणि ही पुण्याहून सुटती कधी?’

‘सुटत नाही, मामा. हाच तर प्रॉब्लेम आहे. पडदा काळा होतो आणि बसते.’

‘मग प्रवाशांनी दुसऱ्या गाडीनं जावं ना!’

हे मला चारही मित्र गेले दोन महिने सांगताहेत. ‘जुना विंडोज लॅपटॉप घे एखादा, वीस-पंचवीस हजारांत येईल.’ अरे, पण का? ज्या यंत्रावर चार-चार तासांचे व्हिडिओ एडिट होतात त्यावर १९९९ सालच्या मेंढ्या का हलू नयेत? बरं, हे पूर्वी जमायचं. २००६ पासून इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प होतं. बटण दाबून ठेवलं की मॅक सरळ विंडोज होऊन उठायचा. २०२० मध्ये अ‍ॅपलची चिप आली आणि तो दरवाजा भिंतीत गेला. त्याच्या आधी २०१९ मध्ये कॅटलिना नावाच्या मॅकओएसच्या आवृत्तीनं ३२-बिटचे जुने प्रोग्रॅम एका अपडेटमध्ये निकालात काढलेच होते. २०२३ मध्ये अ‍ॅपलनं विंडोजचे गेम मॅकवर आणायला गेम पोर्टिंग टूलकिट दिलं, पण ते गेम बनवणाऱ्यांनी चाचणी घ्यावी म्हणून. आमच्यासारखे त्यात मागच्या दारानं घुसले. आणि रोझेटाचं तर आता सांगूनच टाकलंय, मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण, मग काही जुन्या गेमपुरतं थोडंसं. दुभाष्याला नोटीस लागलीय आणि मी इकडं त्याच्या भरवशावर मेंढ्या राखतोय.

मॅक आणि गेम यांचं नशीबच फुटकं. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टेजवरून ‘हेलो’ नावाचा गेम कौतुकानं दाखवला होता. वर्षभरात मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये ‘हेलो’ आला तो त्यांच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर. मॅकवर यायला २००३ चा डिसेंबर उजाडला. साखरपुडा एकाशी, लग्न दुसऱ्याशी, आणि दोन वर्षांनी पहिल्याच्या घरी हळदीकुंकवाला.

हे मी मामांना सांगितलं नाही. ते वेगळ्याच विचारात होते.

‘म्हणजे दारू नाही.’

‘नाही हो, मामा.’

‘गेम.’

‘हो.’

‘मेंढ्यांचा.’

‘... हो.’

मामांनी हात धुतले, पंचाला पुसले, चष्मा नीट केला. आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे बाहेर कुणाला बोलू नका. दारूचं मी सांभाळून घेतो.’

मला वाटलं, थट्टा करताहेत. साखरपुड्यात पत्रक हातात पडलं तेव्हा कळलं. मी खांबामागून बघितलं, तर मामा पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काळा चष्मा लावून बसलेले. पत्रकाचं त्यांना दिसलं की नुसतं ऐकू आलं, देव जाणे. पण त्यांनी ‘असू दे, असू दे’ असा हात हलवला. घराण्याची अब्रू वाचवल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर.

हसायला येतं, पण राग आहे माझा. गणपतीत रात्रभर तीन पत्ती चाललेली चालते. कसोटी सामना पाच दिवस बघितला तर माणूस दर्दी. माझा साडू दर रविवारी गळ टाकून नदीवर बसतो, मासा आजवर एक नाही, त्याला म्हणतात छंद. आणि मी आठवड्यातून दोन तास चार जुन्या मित्रांची गावं जाळली तर ते दारूपेक्षा लपवण्यासारखं? चौघांपैकी एक जण दुबईला असतो, एक नाशिकला. आमची भेट होते ती तिथंच, त्या मेंढ्यांमागं पळताना. पण हे कुणाला सांगणार? मेहुणीच्या सासूबाईंना?

काल शनिवार होता. चौदातला अकरावा दिवस. नवी बाटली केली, त्यात गेम टाकला, हेडफोन लावायचा विसरलो. पडदा काळा झाला. तसाच राहिला. मग एकदम तुतारी वाजली, हिरवं रान दिसलं आणि कोपऱ्यात एक मेंढी बें करून ओरडली. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते, पण मेंढी हलत होती.

हॉलमधल्या अंधारातून मामांचा आवाज आला.

‘लागली का गाडी?’