२२ हजारांचा ‘आय सेव्हन गेमिंग पीसी’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

‘२२ हजारांत आय सेव्हन गेमिंग पीसी, दुकानदार हे तुम्हाला कधीच सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो आहे. त्यात सहा सल्ले आहेत. प्रोसेसर आय सेव्हनच घ्या, जुना असला तरी चालेल. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचे घ्या, मॉडेल बघत बसू नका. रॅम जितकी जास्त तितका गेम वेगवान. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत फुकट येतो, त्यावर वेगळे पैसे घालवू नका. गरम झाले तर कॅबिनेटचे झाकण काढून ठेवा. आणि बिल घेऊ नका, १८ टक्के जीएसटी वाचतो. पारोळ्याच्या माझ्या भाच्याने हा संदेश मला धाडला तो मत विचारायला नव्हे, तर ‘मामा, यामा आय सेव्हन शे ना!’ असे सांगून खरेदीला सोबत नेण्यासाठी. त्याच्या वडिलांनी कापसाच्या पैशांतून ४० हजार बाजूला ठेवले होते. संदेश वाचल्यापासून उरलेल्या १८ हजारांत फवारणीचा पंप येईल असा त्यांचा हिशेब सुरू झाला आहे. तोंडी समजावून उपयोग झाला नाही, म्हणून हे लेखी उत्तर.

आय सेव्हनचे आधी बघू. इंटेल प्रत्येक पिढीत आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन अशा पायऱ्या काढते आणि या पायऱ्यांची तुलना त्या-त्या पिढीपुरतीच करायची असते. संदेशातल्या किमतीत जो आय सेव्हन गळ्यात मारला जातो तो बहुधा २६०० असतो: जानेवारी २०११ मधला, दुसऱ्या पिढीचा, चार कोअर (गणित करणारी केंद्रे) आणि आठ थ्रेडचा (एका वेळी हाताळायच्या कामांचा). जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय थ्री १२१००एफलाही कोअर चारच आणि थ्रेड आठच आहेत, परंतु मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरची कामाची क्षमता इतकी वाढली की हा आय थ्री त्या आय सेव्हनला गेममध्ये सहज मागे टाकतो. शिवाय २६०० मध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा गट, नाही. तो इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीत आणला, आणि तो नसेल तर काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. खटपटी करून विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ भेटतात, पण भाच्याला खेळायचा आहे तो व्हॅलोरंट, आणि विंडोज ११ वर तो टीपीएम २.० व सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षेच्या सोयींशिवाय चालत नाही. दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर टीपीएम २.० नसते. म्हणजे ज्या गेमसाठी यंत्र घ्यायचे, तोच उघडणार नाही.

जुना माल घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. प्रोसेसर हा संगणकातला सर्वांत कमी बिघडणारा भाग आहे. चारपाच वर्षे वापरलेला, पण पिढी नवी असलेला प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्यावा. फक्त नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, हे ध्यानात ठेवावे. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

‘४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जे दाखवले जाते ते जीटी ७३०, हे २०१४ चे कार्ड आहे. जीटीएक्स १६५० वरही ४ जीबीच मेमरी आहे. मात्र ६४ बिटच्या डीडीआर३ मेमरीचे ७३० सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी माहिती हलवते आणि जीडीडीआर५ चे १६५० सेकंदाला १२८ जीबी. जिनिंगचे आवार कितीही मोठे असले तरी वजनकाटा एकच असेल, तर ट्रॅक्टरांची रांग काट्याच्याच गतीने पुढे सरकते. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागेल: व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) मिळण्यासाठी सुचवलेल्या यादीत जीटी ७३० चे नाव होते. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेवढेच वाचले. त्याच यादीत प्रोसेसर म्हणून चौथ्या पिढीचा आय थ्री ४१५० लिहिलेला होता, तो त्याने सोयीने गाळला. या कार्डाच्या केप्लर नावाच्या पिढीसाठी एनव्हिडिया या निर्मात्या कंपनीने नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे ऑक्टोबर २०२१ पासून थांबवले, हेही त्याला ठाऊक नसावे.

आता एसएमपीएस. बाकीच्या चुकांनी फार तर गेम रखडेल. ही चूक उरलेले सगळे भाग सोबत घेऊन जाऊ शकते, म्हणून इथे जरा थांबतो.

भाच्याने दुकानातून कॅबिनेटसोबत येणाऱ्या ‘४५० वॉट’च्या डब्याचा फोटो पाठवला. त्याच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. त्या तक्त्यात ३.३ व्होल्टसमोर २० अँपिअर, ५ व्होल्टसमोर २० अँपिअर आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असे लिहिलेले आहे. उरलेल्या दोन किरकोळ लाइन धरून सगळ्यांचा गुणाकार-बेरीज केली, तरी आकडा पावणेचारशेच्या आसपासच थांबतो. ४५० कुठून आले हे छापणारालाच ठाऊक. त्याहून महत्त्वाचे असे की आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड भाग १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात, आणि १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉटचे आहे आणि १२१००एफ जोरात चालताना ८९ वॉटपर्यंत जातो. या दोघांचीच बेरीज २२१ होते. बोर्ड, डिस्क, पंखे यांचा हिशेब अजून धरलेला नाही.

यावर संदेशाचे उत्तर असे, की कार्डासाठी आठ पिनची वायर नसेल तर कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. संदेशातले सर्वांत धोकादायक वाक्य हेच आहे. कार्डाच्या आठ पिनच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन तारा असतात आणि तिच्यातून १५० वॉटपर्यंत, म्हणजे साडेबारा अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. कन्व्हर्टर ज्या जुन्या चार पिनच्या मोलेक्स जोडणीला लावतात, तिच्यात १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते. तीन तारांचे ओझे एका तारेवर आणि तिच्या एका पिनेवर टाकले, तर प्लास्टिक पिवळे पडून मऊ होणे हे पहिले लक्षण, आणि त्याच्या पुढचे लक्षण नाकाला कळते. चांगल्या एसएमपीएसला ही वायर मुळातच असते. ती नाही, याचा अर्थ बनवणाऱ्यानेच हा डबा अशा कार्डासाठी बनवलेला नाही.

‘सगळे एसएमपीएस आतून सारखेच’ असेही संदेशात म्हटले आहे. इंटेलने डेस्कटॉप संगणकांच्या एटीएक्स प्रकारच्या वीजपुरवठ्यासाठी प्रसिद्ध केलेली डिझाइन मार्गदर्शिका कोणालाही वाचता येते. तिच्या दीर्घकाळ चालत आलेल्या दुसऱ्या मालिकेत १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे व्होल्टेज ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये; शॉर्ट सर्किट झाले किंवा व्होल्टेज चढले तर पुरवठा आपणहून बंद व्हावा, असेही त्यात बंधन आहे. फुकटच्या डब्यात काटछाट होते ती नेमकी या संरक्षणाच्या भागांत, कारण ते नसले तरी यंत्र दुकानात सुरू होऊन दिसते.

त्यात आपला खान्देश. एसएमपीएसवरच्या ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याची चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतली जाते. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात असतो आणि बंद कॅबिनेटच्या आत त्याहून वर. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य दर दहा अंशांना सुमारे निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. शिवाय शिवारातले पंप एकदम सुरू झाले की घरातला दिवा मंद होतो, तेव्हा संगणकालाही तोच झटका बसतो. पुण्याच्या वातानुकूलित खोलीत जो डबा तीन वर्षे टिकेल, तो पारोळ्याच्या पत्र्याच्या खोलीत तितका टिकेल अशी आशा धरण्याला काहीही आधार नाही.

एसएमपीएसवर पैसे घालवू नका या सल्ल्यात अर्धे सत्य आहे ते एवढेच, की ७५० किंवा ८५० वॉटचा गोल्ड (ब्रॉन्झच्या वरच्या प्रतीच्या) शिक्क्याचा एसएमपीएस या बजेटमध्ये उधळपट्टी ठरेल. खरा ४५० ते ५५० वॉटचा, ब्रॉन्झ शिक्क्याचा, १२ व्होल्टच्या लाइनवर छापील वॉटच्या जवळपास सगळी ताकद देणारा आणि आठ पिनची वायर असलेला एसएमपीएस पुरे. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, सुरक्षिततेचा नव्हे. म्हणून शिक्क्यासोबत तक्ताही वाचावा. आणि भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येणे हे पुष्कळ घरांत ‘असतेच’ म्हणून सोडून दिले जाते. ते सहसा अर्थिंग नसल्याचे लक्षण असते.

रॅमविषयी थोडक्यात. या बजेटच्या गेमिंगला १६ जीबी पुरते. ३२ जीबी घातल्याने फ्रेम वाढत नाहीत, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जशा चढल्या आहेत त्या पाहता हा सल्ला आणखीच महागात पडतो. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलमध्ये दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. प्रोसेसरचे अंगचे ग्राफिक्स वापरायचे असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर चालते. आणि ४० हजारांत भाच्याने नेमके तेच करावे, असे माझे मत आहे: अंगचे ग्राफिक्स असलेला एएमडीचा प्रोसेसर रायझेन ५ ५६००जी, रॅमच्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) आणि चांगला एसएमपीएस आत्ता घ्यावा. व्हॅलोरंट त्यावर निवांत चालतो, बोर्डात टीपीएमची सोयही असते, आणि पुढच्या हंगामात पैसे आले की आरएक्स ६६०० सारखे कार्ड नुसते खोचायचे राहते. फवारणीचा पंप या ४० हजारांत बसत नाही, हे त्याच्या वडिलांना मीच सांगेन.

कॅबिनेटचे झाकण काढल्याने तापमान काही अंश उतरू शकते, हे खरे आहे. पण धुळीचा रस्ता मोकळा होतो, आणि आपल्याकडे उबेला येणाऱ्या पालीही त्याच वाटेने आत जातात. बोर्डावर चिकटून मेलेली पाल दुरुस्तीवाल्यांना नवी नाही. समोर हवा आत घेणारा एक पंखा आणि मागे बाहेर टाकणारा एक, एवढ्याने काम भागते.

राहिले बिल. जीएसटी वाचतो हे कागदावर खरे आहे, पण सरकारचा कर बुडतो ही बाब बाजूला ठेवली तरी त्या १८ टक्क्यांच्या बदल्यात ग्राहक सगळी वॉरंटी सोडून देतो. तालुक्याच्या गावी बिघडलेला भाग बहुतेकदा दुकानदारामार्फतच बाहेरगावी पाठवावा लागतो, आणि बिल नसेल तर तो ‘माल माझा नाही’ म्हणून मोकळा होतो. बिल घेतानाही ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नये. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस यांचे मॉडेल व अनुक्रमांक वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत, आणि प्रत्येकाचे खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे.