हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रिजेक्शनच्या गोळ्या निम्म्या करू नका

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे. नवी किडनी बसल्यावर रक्त कमी होतं ते फक्त रिजेक्शनच्या, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांमुळे. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की गोळ्या निम्म्या करा, बीट-डाळिंबाचा रस आणि गुळवेलीचा काढा घ्या. तरीही भरलं नाही तर रक्ताची एक बाटली चढवून घ्या, असं त्यात लिहिलंय. हे ऐकून कुणाच्या आईनं, कुणाच्या नवऱ्यानं दिलेली किडनी जाऊ शकते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘फक्त गोळ्यांमुळे.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोकांना ते पटतं. या गोळ्यांपैकी मायकोफिनोलेट आणि अझाथायोप्रिन पेशींची वाढ रोखतात आणि त्यात अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशीही सापडतात. सिरोलिमसनंही हिमोग्लोबिन उतरतं. टॅक्रोलिमसमुळे मात्र असं क्वचितच होतं, आणि प्रेडनिसोलोन मज्जेला दाबत नाही. मग सगळ्याच गोळ्या निम्म्या कशासाठी? शिवाय रिजेक्शनशी संबंध नसलेली औषधंही रक्त उतरवतात: सीएमव्ही विषाणूसाठीचं व्हॅलगॅनसिक्लोव्हिर, संसर्ग टाळण्यासाठीचं कोट्रायमॉक्सॅझोल, रक्तदाबाच्या रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या. या शेवटच्या गोळ्यांचा हा गुण इतका पक्का आहे, की प्रत्यारोपणानंतर कुणाचं हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढलं तर ते खाली आणायला डॉक्टर त्याच देतात. आणि अझाथायोप्रिन चालू असताना युरिक अ‍ॅसिडसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर मज्जा जिवावर बेतेल इतकी दबू शकते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना औषधांची पूर्ण यादी सोबत न्या.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते कारण सगळ्यांत महत्त्वाचं आहे. रक्त बनवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीच तयार करते. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने हिमोग्लोबिन कमी असणं समजण्यासारखं आहे. पण वर्षा-दोन वर्षांनी ते घसरू लागलं, तर नवी किडनीच थकत चालल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी तिला वाचवणाऱ्या गोळ्याच कमी करणं म्हणजे घातच. डायलिसिसच्या काळापासूनची लोहाची कमतरता, पाळीत जास्त जाणारं रक्त, पार्व्होव्हायरस बी-१९ चा संसर्ग हीदेखील कारणं असतात. २००३ मध्ये युरोपातल्या चार हजारांवर प्रत्यारोपित रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास ३९ टक्के लोकांना रक्तक्षय होता. इतक्या जणांना एकच उपाय कसा लागू पडेल?

‘गोळ्या निम्म्या करा.’ रिजेक्शन बहुतेकदा दुखत नाही. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत इजा सुरू झालेली असते. डॉक्टरही कधी कधी मायकोफिनोलेट कमी करतात, पण टॅक्रो लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण) आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवून, त्या रुग्णाला रिजेक्शनचा धोका किती ते जोखून.

बीटाचा रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर त्या रसातलं पोटॅशियमच त्रास देईल. गुळवेल मात्र कुणीही घेऊ नये. ती प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून विकली जाते, आणि तुमच्या गोळ्या नेमकी तीच दाबून ठेवतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली आहे.

रक्ताच्या बाटलीतून परक्या पांढऱ्या पेशीही येतात. त्यांच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) या किडनीला आणि पुढे कधी दुसरी लागलीच तर तिलाही भोवू शकतात. रक्तस्राव झाला असेल, जीव धोक्यात असेल, तर रक्त घ्यावंच लागतं. तेव्हा पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा.

हिमोग्लोबिन उतरलं की नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारून सीबीसी, रेटिक्युलोसाइट काउंट, फेरिटिन, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल तपासून घ्या. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. काळी शौच होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.