अर्ध्या ओट्यावरची पंचाईत

आमच्या घराचा ओटा पूर्वी सात फूट रुंद होता. रस्ता वाढवायचा ठरला, भिंतीवर लाल निशाण पडलं आणि आता उरलाय तीन फूट नि वर काही इंच. दर्शनी भाग आम्हीच मजूर लावून उतरवला. जेसीबीच्या हाती दिला असता तर मागची भिंतही त्याच्याबरोबर आली असती. वरच्या सज्ज्याची सागवानी तुळई करवतीने कापावी लागली. तिचं कापलेलं तोंड अजून भिंतीबाहेर दिसतं, पावसाळ्यात काळं पडतं. त्याच्याच खाली आमची रात्रीची बैठक. पूर्वी सहा जण ऐसपैस मांडी घालून बसत, आता चौघंच, तेही पाय खाली सोडून. सुधाताई समोरच्या घरात, आपल्या उंबऱ्यावर. रस्ता रुंद झाल्यापासून त्यांना जरा ओरडून बोलावं लागतं.

परवा इंदूरच्या राजवाड्यावरून, म्हणजे होळकरांच्या जुन्या वाड्यावरून सुरुवात झाली. बाळूचं बर्तन बाजारात पिढीजात दुकान. तो म्हणाला, "राजवाडा काय झकास केलाय! आता आजूबाजूचा हा जुनापाना काढा आणि मोकळं मैदान करा. दिसेल तरी धड."

"मैदानात कधी होता रे तो?" पलीकडून सुधाताई. "समोर चौक, बाकी सगळीकडून बाजार. सराफा, बोहरा बाखळ, कपडा मार्केट. माणसांच्या गर्दीतच उभा राहिलाय तो."

अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांच्याकडे आकडे तयारच असतात. "सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1801, 1834, 1984, तीनदा आग. दाट वस्ती, लाकडी घरं, अरुंद गल्ल्या. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी म्हटलं, "अण्णा, 1801 ला शिंद्यांच्या फौजेनं शहर लुटून जाळलं. 1984 ला दंगल झाली. त्यात गल्लीचा काय गुन्हा?"

"लावली कुणी हे सोड. विझवणार कशी?" मग त्यांनी मागच्या गल्लीतल्या गोदामाची आठवण काढली. बंब कोपऱ्यावरच अडकला होता आणि पोरांनी पाइप खांद्यावर टाकून पळत आत नेला होता. मीही त्या पोरांत होतो, त्यामुळे गप्प बसलो.

सुधाताई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. "जळलं काय ते सांगा ना. वरच्या माळ्यावर कापडाचे गठ्ठे होते. माझ्या लहानपणी तिथे दोन बिऱ्हाडं होती. चूल विझली की नाही हे झोपताना बघणारं माणूस होतं. आता रात्री दहानंतर वर कोण असतं? कुलूप."

खरी गोम इथे आहे, आणि तिच्याविषयी कुणी नकाशा काढत नाही. खाली दुकान, वर घर, ही जुन्या इंदूरची रीत. माणसं नव्या कॉलन्यांत गेली, वर गोदामं आली. जी लाकडी तक्तपोशी चार माणसं आणि एक पाळणा पेलायला घातलेली, तिच्यावर टनावारी माल. मालकानं दुरुस्ती करावी तर 1961 च्या भाडेकरू कायद्याच्या वेळचा भाडेकरू, भाडं चहापाण्याइतकं. वारस सात, त्यातले तीन पुण्यात, एक अमेरिकेत. सह्या गोळा होईपर्यंत छप्पर खाली. मग आम्ही म्हणतो, बघा, जुनी घरं किती धोकादायक!

मी नेहमीप्रमाणे पॅट्रिक गेडिसला मध्ये आणलं. बाळूनं कपाळाला हात लावला. "आला तुझा साहेब!"

आलाच. स्कॉटलंडचा नगररचनाकार, मूळचा जीवशास्त्राचा. तुकोजीराव होळकर तिसऱ्यांच्या दरबारासाठी त्यानं इंदूरचा अहवाल लिहिला, 1918 मध्ये, दोन खंड. प्लेगानं शहर पोखरलेलं होतं. गठ्ठ्यानं घरं पाडून सरळ रस्ते काढा, हा तेव्हाचा सोपा इलाज. हा गल्लीगल्लीत पायी फिरायचा. मोडकळीला आलेलं एखादं घर काढा, तिथे छोटा चौक होऊ द्या, झाड लावा, विहीर साफ करा, बाकी वस्तीला हात लावू नका, असं त्याचं म्हणणं. चाकू चालवायचा तर हलक्या हातानं. आणि दिवाळीची ती मिरवणूक! ज्या मोहल्ल्यातली घरं सगळ्यांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली, त्याच मोहल्ल्यातून मिरवणूक जाणार, अशी दवंडी. लोक कामाला लागले. मिरवणुकीत झाडूवाल्यांना हार घातले आणि शेवटी प्लेगचा भलाथोरला उंदीर जाळला. 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हा मला तो उंदीर आठवला होता.

"ते सगळं ठीक," अण्णा म्हणाले. "पण तुझ्या साहेबाच्या वेळी गल्लीत स्कूटर होती का? गॅसची टाकी होती? सराफ्यात दिवसा सोनं, रात्री भुट्ट्याचा कीस. एकेका ओट्यासमोर भट्टी आणि सिलिंडर. त्याच्या अहवालात हे कुठल्या पानावर आहे?"

नाही, हे मान्य. पण सराफा टिकला तो याच दुहेरी वापरामुळे, असं मी म्हटलं. सोनार शटर ओढतो, त्याच ओट्यासमोर कढई चढते, रात्री बारालाही रस्त्यावर माणूस असतो. सिलिंडर मोजा, दोन ठेल्यांत अंतर ठेवा, गल्लीगल्लीत पाण्याचे नळ बसवा, बारके बंब घ्या. हे काम किचकट आहे, रोज करावं लागतं, फीत कापायला काही मिळत नाही. रस्ता रुंद केला की फोटो येतो.

"आणि टीडीआर?" बाळू म्हणाला. "जमीन गेली तर बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो. दुसरीकडे मजले चढव, नाहीतर विक."

"म्हणजे इथली चार फूट गेली की दुसरीकडे टॉवर, आणि आपण तिकडे राहायला. झालं, गाव रिकामं," सुधाताई म्हणाल्या. त्यांच्या घराचं प्रकरण एका ऑफिसात अडकलंय. दर खेपेला नवा कागद मागतात. त्यामुळे हा विषय त्यांच्याकडे फार चालत नाही.

तेवढ्यात बर्तन बाजाराकडून पातेली लादलेला लोडिंग रिक्षा आला आणि आमच्यासमोर अडकला. पूर्वी आमचा ओटा जिथपर्यंत होता, तिथे आता चार स्कूटी, एक बुलेट आणि ऊसाच्या रसाची गाडी साखळीनं बांधलेली. समोर सुधाताईंच्या बाजूलाही तेच. रिक्षावाला भोंगा वाजवतोय, वरच्या पातेल्यांचा खणखणाट.

"अण्णा," मी म्हटलं, "रस्ता रुंद केला की बंब येतो म्हणत होता ना?"

अण्णा उठले, बुलेटचं हँडल धरून ओढू लागले. कुलूप होतं. "ही कुणाची आहे रे?"

बाळूनं खिशातून किल्ली काढली.