फॅसिओलिन साठवलेलं नसतं
‘घेवड्याच्या पानात बुरशीनाशक आधीच भरलेलं असतं’ असं एका लेखात म्हटलं आहे; पण फॅसिओलिनला, म्हणजे घेवडा बुरशीविरुद्ध बनवतो त्या रसायनाला, ते लागू नाही. निरोगी पानात ते जवळजवळ नसतंच. करप्याची बुरशी शिरून पेशी तपकिरी पडल्या, मेल्या, की शेजारच्या जिवंत पेशी ते बनवतात. पाहायचं तर कोवळी शेंग उभी उकला, दाणे काढा, खळग्यांत बुरशीचे बीजाणू मिसळलेल्या पाण्याचे थेंब सोडा आणि 24 तासांनी ते गोळा करा; फॅसिओलिन त्यांत उतरतं. तुलनेला नुसत्या पाण्याचे थेंब हवेतच. भांड्याला मोरचूद लागलेलं असेल तर निकाल फुकट, कारण तांब्यानेही शेंग फॅसिओलिन बनवते. तांबेरा (घेवड्याचा दुसरा बुरशीरोग) मात्र लबाड: पेशी जिवंत ठेवूनच खातो, म्हणून फॅसिओलिन उशिरा येतं. बाकल्यात तर वायरोन आम्ल हे असंच बुरशीरोधक रसायन असूनही बोट्रिटिस फॅबी ही बुरशी ते निष्प्रभ करून पसरते.