आत्तीला उन्हाळी लागली होती का, हे विचारलं का कुणी?

आज सकाळी पै-पाव्हण्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. "लघवीत बॅक्टेरिया म्हणजे किडनी गेलीच, लगेच गोळ्या सुरू करा, दहा जणांना पाठवा." खाली सतरा अंगठे आणि तीन जोडलेले हात. माझं डोकंच फिरलं बगा. कारण मागच्या मे महिन्यात आमच्या आत्तीचं काय झालं ते ह्या ग्रुपात सगळ्यांना माहीत आहे, आणि अंगठा देणाऱ्यांत पहिला तिचाच मुलगा!

आत्ती बेळगावजवळच्या खानापूरकडची, वय 74, अजून बांधावर उभी राहून रोपलावणी करणाऱ्यांना शिव्या घालते. गावात मोफत तपासणीचं शिबिर झालं, हिच्या हातात बाटली दिली, हिनं भरून दिली. आधी जागा धुवायची, पहिली धार सोडून मधली घ्यायची, हे सांगणार कोण? बाटली मंडपात टेबलावर दुपारपर्यंत तशीच. अहो ई. कोलाय नावाचा तो जंतू ऊब मिळाली की 20 मिनिटांत दुप्पट होतो, त्या उन्हात बाटलीत जत्राच भरली असणार! आणि रिपोर्ट काय, 'बॅक्टेरिया प्रेझेंट'.

झालं. मुलानं मोबाईल काढला, दोन व्हिडिओ बघितले, मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणला, डॉक्टरची चिठ्ठी नाही की काही नाही, पाकिटावर ती लाल रेघ असते ना, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून, ती कुणाला पडलीय. तिसऱ्या दिवशी जुलाब, चौथ्या दिवशी सलाईन. म्हातारी बरी होती हो!! तिला उन्हाळी लागली होती का, म्हणजे लघवीला जळजळ होत होती का, ताप होता का, कंबर दुखत होती का, एकानंही विचारलं नाही. कागदाला विचारलं फक्त.

नंतर तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की वय झालेल्या बायकांत लघवीत जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून मोजायच्या तपासणीत, एका मिलिलिटरला लाखाच्या वर आले तरी त्रास काहीच नसेल तर बहुतेक वेळा औषध देत नाहीत. उगीच गोळ्या खाल्ल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग खरं दुखणं आल्यावर काय घालणार?

हां, गरोदर बाईचं वेगळं. तिला त्रास नसला तरी औषध लागतंच, नाहीतर ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतं. मान्य. पण आत्ती काय गरोदर होती?

आता जरा राग उतरलाय म्हणून लिहिते. माझाही दोष आहे, रिपोर्ट मीच वाचून दाखवला होता तिला, इंग्रजीत होता ना. आमच्याकडे हे असंच, रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातला बोर्ड कन्नडात, आणि मराठीत काय येतं तर हा फॉरवर्ड. आपल्या भाषेत आला म्हणजे खराच वाटतो, मलाही वाटला होता. आणि ज्यांना खरंच जळजळ होते त्या बोलत नाहीत. मी स्वतः एस.टी.त बसायच्या आधी पाणी पीत नाही, स्टँडवरच्या त्या मुतारीत जायला नको म्हणून, आणि दोनदा उन्हाळी लागली तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही, धन्या-जिऱ्याचं पाणी पीत बसले. ताप भरला तेव्हा कुठं दवाखाना.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर आतेभाऊ म्हणतो, "अक्का, तू डॉक्टर कधी झालीस?" नाही झाले बाबा. पण सलाईनच्या बाटलीखाली रात्रभर मी बसले होते, तू नाही.

आत्तीला आत्ता फोन केला. मजेत आहे. तो रिपोर्ट तिनं जपून ठेवलाय, मागची बाजू कोरी आहे म्हणून, दूधवाल्याचा हिशोब मांडूलालीय त्यावर.