एक्क्यांची जोडी आणि एक्सेल शीट

2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अमेरिकन अकाउंटंट 86 डॉलरची ऑनलाइन स्पर्धा जिंकून लास व्हेगासला पोचला आणि तिथे पोकरचे 25 लाख डॉलर घेऊन उठला. मीही अकाउंटंट. फरक काय तो आडनावाचा.

हे मला कळलं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, डोंबिवलीत. पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले ते 2025 च्या ऑगस्टमध्ये. 2020 मध्ये अशी काही अडकाठी नव्हती. मी पाच हजार रुपये बाजूला काढले आणि पेशाला जागून एक्सेल शीट उघडलं. तारीख, प्रकार, तास, नफा-तोटा. शेवटचा रकाना ‘कारण’. तो घालायला नको होता.

सुरुवात केली कॅश गेमने. दोनशे घेऊन बसा, हवं तेव्हा उठा. माझी अडचण ‘हवं तेव्हा’पाशी. हरत असलो की वसूल करायचं असायचं आणि जिंकत असलो की पानं चांगली येत असायची, मग उठणार कधी? शिवाय प्रत्येक मोठ्या डावातून साइट आपला रेक, म्हणजे कमिशन, कापायची. गावच्या जत्रेत पटावाला काढायचा तो नाल, तोच हा. फक्त जत्रेतल्याला शिव्या तरी देता यायच्या.

मग सिट अँड गो. नऊ जण बसतात, पहिल्या तिघांना बक्षीस. मी नावाप्रमाणे वागायचो. बसायचो आणि जायचो.

शेवटी टूर्नामेंट. प्रवेश 110 रुपये, त्यातले दहा साइटचे. रात्री आठला बाराशेच्या आसपास माणसं. पावणेएकला आम्ही बक्षिसाच्या रेषेपासून तीन माणसं दूर. घरात अंधार, लॅपटॉपचा आवाज बंद, आणि माझ्या हातात एक्क्यांची जोडी, जी सरासरी 221 डावांत एकदा येते. सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोरच्या कुणा ‘भाऊ’ने त्या स्वीकारल्या आणि पानं उघडली: किलवर सत्ती, चौकट दुर्री. पोकरमधली सगळ्यात भिकार पानं! हा सामना आठातून सातदा मीच जिंकायचा. टेबलावर दोघांच्या सामायिक पानांतली पहिली तीन पडली. इस्पिक सत्ती, बदाम सत्ती, म्हणजे त्याच्या तीन सत्त्या, आणि तिसरं पान मी पाहिलंच नाही.

‘कारण’ रकान्यात लिहिलं: नशीब.

सहा महिन्यांनी हिने ते शीट पाहिलं. ही बँकेत ऑडिटला आहे, हे सांगायचं राहिलं. तिने शांतपणे फिल्टर लावला. जिंकलेल्या सगळ्या दिवसांपुढे ‘कौशल्य’. हरलेले दिवस 61. त्यात ‘नशीब’ 48, ‘वीज गेली’ सहा, ‘नेट गेलं’ पाच, ‘चूक’ दोन.

“या दोन चुका कसल्या?”

“त्या दिवशी तू मध्येच कोथिंबीर निवडायला दिली होतीस.”

ती काही बोलली नाही. खाली बेरीज होती: 212 तास, तोटा 2,900 रुपये. तिने भागाकार केला.

“अहो, तासाला पावणेचौदा रुपये. वडापावसुद्धा येत नाही एवढ्यात. खेळा की!”

मला भांडण अपेक्षित होतं. निदान मंगळसूत्र, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण एवढे विषय तरी निघायला हवे होते. जुगारी नवऱ्याची काही पत असते की नाही? मी तिला समजावू लागलो, की अजून नमुना लहान आहे, लाखभर डाव झाल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. ती म्हणाली, “हो, असं आमचे थकबाकीदारही सांगतात.”

पुढच्या रविवारी आई, ही, मुलगी आणि मी झब्बू खेळायला बसलो. जवळजवळ अख्खा जोड माझ्या हातात आला. मी म्हणालो, “आज नशीबच नाही.”

आईने चष्मा वर केला. “पानं कुणी पिसली?”

मीच पिसली होती.